मदत हवी आहे: तेच पाप पुन्हा पुन्हा घडत असेल तर?
बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रात, आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो (१:८) असे आहे, आणि देवापासून जन्मलेला पाप करत नाही (३:९) असेही आहे. मूळ ग्रीक क्रियापद वर्तमानकाळी असल्यामुळे तेथे ‘पाप करत राहणे’ अभिप्रेत आहे, हा खुलासा मला ठाऊक आहे. पण माझी अडचण तिथेच सुरू होते. रागाच्या भरात घरच्यांना टाकून बोलणे, रात्री गुडघे टेकून क्षमा मागणे आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच, असे कित्येक वर्षे चालले आहे. याला पापात राहणे म्हणावे, की रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायातील, ‘जे करायचे नाही तेच हातून घडते’ असा झगडा? (तो अध्याय पळवाट म्हणूनही वापरला जातो, निदान माझ्याकडून.) हा फरक स्वतःपुरता कसा ओळखावा, हे जाणकारांनी कृपया वचनांच्या आधारे सांगावे.