मदत हवी आहे: घोडी फळवण्याआधी जनुकीय चाचणी, पुण्यातून नमुना कुठे पाठवायचा?

नमस्कार मंडळी,

थेऊरजवळ आमची छोटी पागा आहे. प्रश्न आमच्या तांबड्या घोडीचा आहे. तिच्यात अरबी रक्त बरंच आहे आणि मागच्या खेपेला नरही अरबीच लावला होता. शिंगरू जन्मलं तेव्हा ठणठणीत होतं. दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर डोकं हलायला लागलं. नुसतं उभं असताना फारसं कळायचं नाही, पण बादलीकडे मान खाली नेली की तोंड पाण्याजवळ जाईल तशी थरथर वाढायची. पाय फाकवून चालायचं, दारातल्या उंबऱ्याचाही अंदाज यायचा नाही. मानेच्या एक्स-रेत काही निघालं नाही. डॉक्टरांना सेरेबेलर अॅबायोट्रॉफीची शंका आली. यात लहान मेंदूतल्या पेशी मरत जातात. अरबी घोड्यांत हा आजार आनुवंशिक आहे आणि त्यावर औषध नाही. शिंगरू गेलं. फार लळा लावला होता त्याने.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच शिंगराला आजार होतो. एकाकडूनच आला तर जनावर दिसायला पूर्ण निरोगी, फक्त वाहक. दोन वाहक एकत्र आले तर दर वेळी आजारी शिंगराची शक्यता 25 टक्के. म्हणून घोडी आता माजावर आली तरी चाचणीशिवाय तिला फळवणार नाही, हे घरात ठरलंय. ती वाहक निघाली तरी दोषमुक्त नर लावून शिंगरू निरोगी मिळू शकतं. ती दोषमुक्त निघाली, तर मागचा आजार हा नव्हताच आणि वेगळं कारण शोधावं लागेल.

या वेळचा नर काळा आहे, त्याच्यातही अरबी रक्त आहे. त्याचे मालक म्हणतात, "दादा, शिंगरू काळंच पडणार, गॅरंटी." अकलूज-सारंगखेड्याच्या बाजारात रंगाला भाव आहे, हे मान्य. पण तांबड्या घोडीत अगूटी जनुक असलं तरी वरून दिसत नाही, ते काळ्या रंगावरच काम करतं. ते शिंगरात उतरलं तर काळ्याऐवजी कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपटी) होणार. त्यामुळे घोडीची चाचणी न करता ही गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. रंगाचं एक वेळ राहू दे, नराची आजाराची चाचणी मात्र मला हवीच आहे.

आता प्रश्न:

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे कुणी खाजगी घोड्याचा नमुना पाठवलाय का? ही चाचणी तिथे होते का? अमेरिकेत यूसी डेव्हिस या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. तिकडे आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले केस लागतात. इथून केस पाठवायला परवानगी काढावी लागते का, कुरिअरवाले घेतात का?

शिंगराच्या आयाळीचे थोडे केस खरार्‍यात अडकलेले होते, ते कागदी पाकिटात कोरडे ठेवलेत. पण ते गळालेले आहेत, उपटलेले नाहीत. त्यातून काही निघेल का?

आणि नराच्या मालकांना चाचणीसाठी तयार कसं करायचं? खर्च मी द्यायला तयार आहे, तरी "आमच्या घोड्यात खोट काढता का" असं म्हणतात. त्यांचा अपमान करायचा नाहीये. कुणी असा विषय काढला असेल तर काय बोललात ते सांगा. हडपसर-लोणी भागात घोड्यांचं पाहणारे, प्रजननातले जाणकार डॉक्टर माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.