आवडत्या गायकाची मैफल आणि झालेला विरस

ज्यांच्या गाण्यावर जीव आहे, त्यांनाच समोर बसून ऐकताना विरस झालाय कधी? नावं नकोत, उगाच वाद होतील. नेमकं काय बिनसलं ते मात्र खुलवून लिहा.

माझ्यापासून सुरुवात. दिवाळी पहाट, आवडते भावगीत गायक. निवेदक प्रत्येक गाण्याआधी कवीच्या आठवणी सांगत सुटला. मध्येच प्रायोजकांचा सत्कार, शाल, श्रीफळ. गाण्यांच्या वाट्याला मुखडा आणि एकेक अंतरा!

*

माझं दुःख घड्याळाचं. बाईंचा दरबारी मी रेकॉर्डिंगवर इतका ऐकलाय की आलापातली प्रत्येक जागा पाठ. बाई मैदानावरच्या महोत्सवात गाणार म्हणून खास रजा टाकून गेलो. आधीच्या वादकाने वेळ खाल्ला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक कार्यक्रमांना 12 पर्यंत सूट मिळू शकते, पण ती वर्षातून फार तर 15 दिवस, आणि त्यातला एकही आमच्या वाट्याला नव्हता. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, जेमतेम रंगू लागलं तोच विंगेतून चिठ्ठी आली. बाईंनी ती वाचली, जलद लयीतलं द्रुत उरकलं, शेवटची भैरवी घेतली. दरबारी म्हणजे कसा सावकाश उलगडायचा राग! वडील पुण्याच्या रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभराच्या बैठकींचं सांगतात तेव्हा मला सरळ हेवा वाटतो. नियम चुकीचा म्हणत नाही, शेजाऱ्यांनाही झोप हवीच. पण मग वादकाला कुणीतरी आवरायचं ना?

*

स्टेडियममधला शो. आम्ही पार मागे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे पडद्यावर ओठ आधी हलायचे आणि शब्द मागाहून यायचे. तेही चाललं असतं. पण गायकसाहेबांनी माईक प्रेक्षकांकडे वळवला तरी त्यांचा आवाज चालूच! शेजारची मुलगी म्हणाली, "काका, ट्रॅक आहे." एवढे पैसे मोजून शेवटी रेकॉर्डच ऐकली.

*

न्यू जर्सीहून. इथे साथीदारांचा व्हिसा आणि विमानखर्च मंडळांना परवडत नाही. मग की-बोर्ड, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि गायिका. ऑक्टोपॅडच्या ढोलकीवर लावणी ऐकलीत का कुणी? ऐकू नका.

*

एक वेगळा अनुभव. सत्तरी ओलांडलेल्या गायिका, काळी चारच्या पट्टीवरून पांढरी दोनच्या खालच्या पट्टीवर उतरलेल्या. त्याचं काहीच वाटलं नाही, वय कुणाला चुकलंय? पण तार सप्तकातल्या, म्हणजे उंच सुरांच्या, जागा आल्या की मागची शिष्या त्या घ्यायची, आणि बाई नुसत्या मान डोलवायच्या. लोक टाळ्या वाजवत होते. मला त्यांचा चिरकलेला का होईना, पण त्यांचाच वरचा सा हवा होता.

*

वरच्या सगळ्यांना अनुमोदन, पण निम्म्या वेळा घात साउंडवालाच करतो. तबला कानठळ्या बसवणारा, तानपुरे दिसतात पण ऐकू येत नाहीत, आणि गायक दर दोन मिनिटांनी "मॉनिटर (माझ्याकडचा स्पीकर) वाढवा" अशा खुणा करतोय. त्यात पहिल्या रांगेचं महाग तिकीट काढलं तर आणखी वाईट, कारण स्पीकर दोन्ही बाजूंना आणि आपण मधल्या खड्ड्यात. साउंडवाला मिक्सरवर बसून स्वतःच्या कानाला बरं वाटेल तसा आवाज लावतो, म्हणून मी हल्ली मिक्सरच्या पुढची खुर्ची धरते. स्वस्तही पडते.