मदत हवी आहे: लेकराच्या श्वासनळीत सीताफळाची बी? एक्स-रे स्वच्छ आहे, तरी दुर्बीण करावी का?

डोंगरकडा: नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. लेकरू अडीच वर्षांचं आहे.

गेल्या गुरुवारी माय ओट्यावर सीताफळं फोडून बसली होती, लेकरू मांडीवर. ती गर भरवायची आणि बिया हातावर थुंकवून घ्यायची. तेवढ्यात मी शेतातून आलो, ते मला बघून खिदळलं आणि ठसका लागला. तोंड लालबुंद, ओठ निळसर. पाठीत थापटलं, खोकून खोकून पाचेक मिनिटांत निवळलं. माय म्हणाली, "गिळली बी, सकाळी पडून जाईल." दोन दिवस मी स्वतः शी तपासली. बी नाही.

त्या रात्री खोकलं की गळ्याखाली टक् असा आवाज यायचा, हात ठेवला तर बोटांना लागायचा. दुसऱ्या दिवशी तो बंद. आता खेळतंय, जेवतंय. पण रात्री खोकला आणि छातीत पिपाणी वाजल्यासारखं. गावातल्या डॉक्टरांनी मशीनची वाफ आणि औषध दिलं, फरक नाही. एक्स-रे स्वच्छ आला. आज अंबाजोगाईत दाखवलं तर बालरोगतज्ज्ञ म्हणाले, उजव्या बाजूला हवा कमी जातेय, भूल देऊन दुर्बिणीनं बघावं लागेल, मोठ्या दवाखान्यात न्या.

फोटोत काही नाही, मग बी आहे कशावरून? उजवीकडंच का? हसत्याखेळत्या लेकराला भूल द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात सोयाबीन काढून पडलंय, मळणी यंत्राचा नंबर उद्याच लागलाय. चार दिवस थांबलं तर चालेल का?

थेटरातली_ताई: नाही चालणार दादा. नऊ वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स आहे, म्हणून स्पष्ट सांगते.

एक्स-रेत नाणं दिसतं, खिळा दिसतो. बी, शेंगदाणा, हरभरा दिसत नाही. दिसली तर अडकलेली हवा दिसते: श्वास घेताना नळ्या जरा रुंदावतात, हवा बीच्या कडेनं आत जाते, सोडताना आवळतात, हवा आतच कोंडते. ती बाजू फुगलेली दिसते, पण श्वास सोडतानाच्या फोटोत. अडीच वर्षांचं पोर 'सोड' म्हटल्यावर सोडतंय होय!

तो टक् आवाज म्हणजे बी मुख्य नळीत खालीवर आपटत होती. थांबला म्हणजे गेली नव्हे, एका फांदीत बसली. छातीत मुख्य नळीचे दोन फाटे होतात. उजवा रुंद, आखूड आणि जवळजवळ सरळ खाली. डावा लांब आणि तिरपा. म्हणून घरंगळलेली वस्तू बहुतेकदा उजवीकडे जाते. पुढं हे फाटे फुटत फुटत वायुकोशांपर्यंत साधारण तेवीस वेळा विभागतात, पण बी एवढी मोठी की ती वरच्याच फाट्यात अडकणार. जोराच्या खोकल्यानं उलटून मुख्य नळीत आली तर दोन्ही बाजू बंद. भीती त्याची आहे. खोकता-रडता येतंय तोवर उलटं धरू नका, पाठीत थापटू नका, तोंडात बोट घालू नका.

दुर्बीण तोंडावाटेच जाते, छातीवर काप नाही. भुलेत धोका शून्य नसतो, पण बी तशीच ठेवण्यात जास्त आहे. १८९७ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला किलियान नावाच्या डॉक्टरनं एका शेतकऱ्याच्या उजव्या फाट्यातून हाडाचा तुकडा असाच काढला होता.

जिंतूरकर: आमच्या पुतण्याचा शेंगदाणा होता. 'कफ आहे' म्हणत तीन आठवडे काढले, तोवर दाणा फुगला आणि मागं न्यूमोनिया झाला. दुर्बिणीनं निघाला, पण पुढं दहा दिवस दवाखान्यात. मळणी शेजारी करून देतील हो.

डोंगरकडा: नंबर चुलतभावाला दिला. गाडी बोलावलीय, आत्ताच निघतो. माय म्हणते लेकराला उपाशी कसं न्यायचं? वाटेत दूध-बिस्कीट द्यावं का?

थेटरातली_ताई: काही देऊ नका! आधी दवाखान्यात फोन करून विचारा. भुलेआधी साधारण सहा तास अन्न नको असतं. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, ते कागदावर लिहून न्या, भूलतज्ज्ञ पहिलं तेच विचारतील. वाटेत ओठ निळे पडले, श्वास ओढायला लागलं तर पुढं जाऊ नका, जवळचा दवाखाना गाठा. १०८ चा नंबर हाताशी ठेवा.

डोंगरकडा: वरणभात, साडेसात. लिहिलं. माय पण येतेय म्हणते, ऐकत नाही.