दोन वर्षांच्या मुलाचे पारंपरिक कपडे : अंग मुलाचे, बेत मात्र मोठ्या माणसाचा?

काजबटण
माझा मुलगा बावीस महिन्यांचा आहे. घरच्या एका समारंभासाठी त्याला पारंपरिक म्हणता येतील असे कपडे आणि बूट घ्यावेत म्हणून मी महिनाभर शोधते आहे आणि अजून रिकाम्या हातांनीच परतते आहे. मुलग्यांच्या कपड्यांत मला दोनच तऱ्हा दिसल्या. पहिली म्हणजे छातीभर चित्र आणि पाठीवर घोषवाक्य असलेले रोजचे कपडे. दुसरी म्हणजे एखाद्या मोठ्या माणसाचा पोशाख धुताना आटून गेला असावा तसा प्रकार : कडक कॉलर, अस्तर लावलेले जाकीट, हात न जाणारे खोटे खिसे आणि कमरेला पट्टा. आता बावीस महिन्यांच्या मुलाला कंबर असते कुठे? पोट पुढे, पाठ किंचित आत आणि मध्ये पट्टा अडावा अशी जागाच नाही. या वयात डोके उंचीच्या साधारण पाचवा हिस्सा असते, मोठ्या माणसात ते आठव्या हिश्श्याच्या आसपास येते. मग मोठ्याचा बेत केवळ लहान मापात कापून कसा चालेल?

माझे म्हणणे असे की, जुन्या वळणाचे बाळकपडे नीट पाहिले तर ते जवळजवळ सगळे खांद्यावरून लोंबणारे असतात. झबले घ्या, खांद्यावर पट्ट्या असलेली चड्डी घ्या किंवा सदऱ्याच्या खालच्या कडेला बटणांनी जोडलेली अर्धी विजार घ्या. हे शिवणाऱ्यांना मुलाचे अंग ठाऊक होते. म्हणून पारंपरिक आणि वयाला साजेसे या दोन अटी मुळात एकच आहेत आणि बाजाराने त्यांची फारकत केली आहे, असे माझे मत झाले आहे. बूटही मला तसेच हवे आहेत : गोल टोकाचे, आडव्या पट्ट्याचे, चामड्याचे, जरा भक्कम. वेलक्रो नको. आपणांस काय वाटते?

सुटसुटीत
मत स्पष्ट मांडलेत, पण मला ते मुळीच पटत नाही. ज्याला आपण परंपरा म्हणतो ती मुलाच्या अंगावर असली तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. मुलाला तिची आठवणही नाही आणि हौसही नाही. माझ्या थोरल्याचा अशाच एका समारंभातला फोटो आहे. त्यात कपडे अगदी नमुनेदार दिसतात आणि मूल मान वाकडी करून कॉलर ओढत रडते आहे. धाकट्याच्या वेळी मी मऊ सुती टी-शर्ट आणि इलॅस्टिकची विजार घातली आणि तो दिवसभर हसत-खेळत राहिला.

शिवाय खांद्यावरून लोंबणाऱ्या कपड्यांचे आपण जे कौतुक केलेत, त्यातली अडचण आपल्याला येत्या काही महिन्यांतच कळेल. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुले शी-शू सांगू लागतात, आणि सांगणे व होणे यांत मिळणारा अवधी फार थोडा असतो. मुलाला स्वतःच्या हाताने खाली ओढता येते ती इलॅस्टिकची चड्डीच. खांद्यावरच्या दोन पट्ट्या, पाठीमागची फुली आणि चार बटणे सोडवेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. बालवयाला साजेसे म्हणजे मूल स्वतः काढू-घालू शकेल असे, ही माझी व्याख्या. आपली व्याख्या शिंप्याच्या नजरेची आहे.

मागील पान
परंपरा नेमकी कोणत्या काळातली, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. युरोप-अमेरिकेत कित्येक शतके लहान मुलगे मुलींसारखेच झगे घालत आणि साधारण चार ते सात या वयात त्यांना पहिली विजार मिळे. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे 1884 सालचे, वय अडीच वर्षांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ते पांढरा घेरदार झगा, खांद्यापर्यंत केस आणि चकचकीत चामडी बूट अशा थाटात बसलेले आहेत. त्या काळी यात कोणाला वावगे वाटत नव्हते. उद्या काजबटण यांनी तसाच झगा मुलाला घातला, तर समारंभातले किती जण त्याला पारंपरिक म्हणतील?

दुसरे असे की, लहान मुलाला छोटा माणूस करणे ही बाजाराची आजची खोड नव्हे. 1846 साली ब्रिटिश युवराज अल्बर्ट एडवर्ड याला, वयाच्या पाचव्या वर्षात, खलाशाच्या गणवेशाची हुबेहूब छोटी नक्कल शिवून दिली होती आणि विंटरहाल्टर या चित्रकाराने त्याला त्या वेशात रंगवले. खलाशी कॉलरचा सदरा हा बालवेशाचा नमुना मानला जाऊ लागला तो त्यानंतरच्या दशकांत. म्हणजे आज ज्याला आपण निरागस जुने वळण समजतो, ते आरंभी मोठ्यांच्या गणवेशाचेच आटलेले रूप होते. आपण बाजाराला दिलेला दोष राजवाड्यालाही द्यावा लागेल.

काजबटण
खलाशी पोशाखाचा मुद्दा मान्य. परंतु झग्याचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे, आणि सुटसुटीत यांच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. झगा वर उचलला की काम झाले, एकही बटण सोडावे लागत नाही. लंगोट बदलणे सोपे आणि मूल वाढले तर घेराच्या दुमडी उसवून लांबी वाढवता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस विजार आली तीही आखूड सदऱ्याला भोवती बटणांनी जोडलेली, कारण कंबर धरून ठेवील असे मुलाच्या अंगात काही नाही, हे त्या शिंप्यांना कळत होते. त्या बेतात शूची अडचण होती, हे मात्र मी नाकारत नाही.

कात्री-दोरा
मी घरी शिवणकाम करते आणि माझ्याकडे येणारे निम्मे काम मुलांच्या तयार कपड्यांच्या दुरुस्तीचे असते, म्हणून थोडे लिहिते. मला या वादातल्या दोन्ही बाजू अर्धवट वाटतात.

सुटसुटीत यांचे इलॅस्टिक सोयीचे आहे, पण तयार विजारींत ते इतके आवळ घातलेले असते की संध्याकाळी विजार उतरवल्यावर पोटावर दातेरी लाल वळ दिसतो. कमरेच्या पट्टीला आतून छोटी चीर देऊन इलॅस्टिक बाहेर काढावे, सैल करावे आणि पुन्हा टाके घालावेत. हे दहा मिनिटांचे काम आहे. काजबटण यांना हवे असलेले रूपही याच मार्गाने साधते : विजार इलॅस्टिकचीच ठेवावी, खांद्यावरच्या पट्ट्या केवळ दिसण्यापुरत्या सदऱ्यावर शिवून टाकाव्यात आणि विजारीला जोडूच नयेत. कोणाला कळत नाही.

तयार कपड्यांत खरी उणीव आहे ती मायेची. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे मुलग्याची मध्यम उंची पहिल्या वाढदिवसाला सुमारे 76 सेंटीमीटर, दुसऱ्याला 87 आणि तिसऱ्याला 96 असते. युरोपीय मापे 80, 86, 92, 98 अशी थेट उंचीवर चालतात. म्हणजे या वयात वर्षाकाठी एक-दोन मापे मागे पडतातच. जुन्या शिवणीत बाह्यांना दोन दुमडी आणि बगलेत बोटभर माया असे, त्यामुळे एक सदरा दीड-दोन वर्षे टिके. आज माया मशीनच्या दोऱ्याइतकीच असते. म्हणून विकत घेताना कपडा उलटा करून पाहावा. बाहेरचे वळण जुने आणि आतली शिवण कंजूष असेल, तर त्याला पारंपरिक म्हणण्यात अर्थ नाही.

बटणांविषयी थोडे. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत सुटे होणारे बारीक भाग चालत नाहीत आणि त्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीची चाचणी आहे. मात्र कपड्यांची बटणे त्या नियमातून वगळलेली आहेत. तेव्हा प्रत्येक बटण आपणच ओढून पाहायचे आणि शंका आली की पुन्हा टाकायचे. नाडीबाबत मात्र नियम कडक आहे : युरोपीय मानकाप्रमाणे सात वर्षांखालील मुलांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी किंवा दोरी चालत नाही, कारण ती घसरगुंडीत किंवा दारात अडकून गळफास बसतो. जुन्या झबल्यांना मानेमागे बंद असत. तेवढी परंपरा सोडावी आणि तेथे टिचबटण लावावे.

सुटसुटीत
सदऱ्यावर शिवलेल्या खोट्या पट्ट्या ही युक्ती मला आवडली, जरी ती माझ्याच मुद्द्याला पुष्टी देते : काम इलॅस्टिक करते आणि परंपरा दिसण्यापुरती उरते.

पायताण
कपड्यांचे आपले आपण पाहा. मी बुटांसाठी लिहितो आहे आणि काजबटण यांच्या त्या एका वाक्याला माझा ठाम विरोध आहे : "चामड्याचे, जरा भक्कम". चामडे चालेल. भक्कम चालणार नाही.

दोन वर्षांच्या मुलाचा तळवा सपाट दिसतो, कारण कमानीच्या जागी चरबीची गादी असते. हाडांचा पुष्कळसा भाग अजून कूर्चेचा असतो. कमानीच्या माथ्यावरचे नावेच्या आकाराचे हाड अनेक मुलांत तिसऱ्या वर्षाच्या सुमारास कठीण होऊ लागते. अशा पायाला आधार हवा म्हणून पूर्वी घोट्यापर्यंतचे कडक बूट घालत असत. आज बालरोगतज्ज्ञ उलट सांगतात : घरात अनवाणी आणि बाहेर संरक्षणापुरता, हलका, वाकणारा बूट. बूट हातात धरून टाच आणि टोक जवळ आणावे. तो बोटांच्या रेषेत सहज वाकला तर घ्यावा, फळीसारखा राहिला तर परत ठेवावा. आपल्याला हवा असलेला गोल टोकाचा आणि आडव्या पट्ट्याचा घाट या वयाला खरे तर उत्तम आहे, कारण बोटांना पसरायला जागा मिळते आणि पट्टा पाय मागे धरून ठेवतो. दोष घाटात नाही, त्याखाली चिकटवलेल्या जाड तळव्यात आहे.

मापाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बुटाच्या टोकावर अंगठा दाबून जागा पाहण्याची सवय सोडून द्यावी, कारण दाब जाणवताच लहान मूल बोटे आत आखडून घेते आणि आपल्याला वाटते, पुष्कळ जागा आहे. मुलाला कागदावर उभे करावे, बसवून माप घेऊ नये, कारण वजन पडल्यावर पाऊल लांबते. दोन्ही पावलांच्या कडेने पेन्सिल फिरवावी, मोठे पाऊल धरावे, पुढे साधारण 12 मिलिमीटर वाढवून पुठ्ठ्याची पट्टी कापावी आणि ती बुटात सरकवून पाहावी. पट्टी वाकली की बूट लहान. युरोपीय क्रमांकांत एका मापाचा फरक सुमारे 6.7 मिलिमीटर असतो, त्यामुळे "एक माप मोठे घेऊ" म्हणताना आपण किती घेतो हे कळते. दर दोन-तीन महिन्यांनी हा उद्योग पुन्हा करावा. भावाचे किंवा शेजारच्या मुलाचे वापरलेले बूट मात्र घेऊ नयेत. त्यात आधीच्या पायाचा साचा बसलेला असतो.

वेलक्रोवरचा राग मला समजत नाही. कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना ती कल्पना सुचली, त्याचे पेटंट 1955 सालचे आहे, आणि सत्तर वर्षांत तीही परंपरा व्हायला हरकत नसावी.

ओसरी
एवढा बाऊ करण्याची गरज आहे का? समारंभ तीन तासांचा. तीन तासांत कोणाचे पाय वाकडे होत नाहीत आणि कॉलरने कोणाची मान मोडत नाही. आम्ही सगळे कडक बूट घालून वाढलो. मुलाने एक दिवस नटावे, घरच्यांनी कौतुकाने पाहावे, फोटो काढावा आणि संध्याकाळी कपडे उतरवून ठेवावेत. सुटसुटीत यांच्या रडणाऱ्या फोटोबद्दल सांगायचे तर, आमच्या घरात असे तीन फोटो आहेत आणि पाहुणे आले की तेच आधी काढले जातात.

पायताण
ओसरी, तीन तास हे तर खरे दुखणे आहे. एकदाच घालायचे म्हणून कोणी माप घेत नाही, आणि नवा करकरीत बूट पहिल्या तासातच टाच सोलतो. समारंभाला घालायचे असतील तर बूट आठवडाभर आधी आणून घरात रोज दहा-पंधरा मिनिटे चालवावे. एक दिवसाचे म्हणून कसेही चालेल, हे मला मान्य नाही.

काजबटण
काल कागद मांडून दोन्ही पावले काढली. डावे पाऊल उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाले, हे मला बावीस महिन्यांत ठाऊक नव्हते. मी निवडून ठेवलेले भक्कम बूट हातात घेऊन वाकवून पाहिले, ते वाकले नाहीत. ते परत दिले आणि त्याच घाटाचे, पातळ तळव्याचे आणले. पट्ट्याला बाहेरून बकल दिसते आणि त्याखाली वेलक्रो आहे. पायताण यांनी हसू नये.

ओसरी यांना फोटो मिळेल, परंतु जाकीट मिळणार नाही. सदरा गोल कॉलरचा सुती घेतला आहे. आतली माया पाहिली तर अर्धे बोटसुद्धा नाही, तेव्हा कात्री-दोरा यांना विचारते : बगलेत जोड देताना त्याच कापडाचा तुकडा नसेल, तर खिशाचे कापड काढून वापरता येईल का? खिसा तसाही खोटाच आहे.

कात्री-दोरा
येईल. आधी धुऊन घ्या, दोन्ही तुकडे सारखे आटू द्या आणि मगच उसवा.