अंदमानला सहा दिवस डायव्हिंग: कॉम्प्युटर किती सावध ठेवावा?

निळाई_ठाणे
नमस्कार. डिसेंबरात मी आणि नवरा अंदमानच्या हॅवलॉक बेटावर चाललोय. वय ४७ आणि ५२, दोघांच्या साठेक डाइव्ह, नायट्रॉक्सचा (जादा ऑक्सिजनच्या हवेचा) कोर्स झालाय. सहा दिवस रोज तीन डाइव्ह, त्यात डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज हे स्पॉट. डेकोत (वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकं) जायचं नाही, नो-डेको मर्यादेतच राहायचं. दोन डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावर खोली आणि उरलेला वेळ दाखवणारे) घ्यायचेत, मिळून ५० हजार, त्यावर नाही. कॉन्झर्व्हेटिझम, म्हणजे त्यांचा सावधपणा, कितीवर ठेवावा? मागच्या ट्रिपला मर्यादेत राहूनही नवऱ्याचा खांदा संध्याकाळी दुखायला लागला, दोन दिवसांनी थांबला. म्हणून विचारतेय.

खोलपाणी
डोळे झाकून शिअरवॉटर पेरेग्रीन घ्या. माझा जीएफ (ग्रेडियंट फॅक्टर, सावधपणाचे लो आणि हाय असे दोन आकडे) ४०/८५ वर आहे, दोनशेच्या वर डाइव्ह झाल्या, एकदाही त्रास नाही. स्क्रीन तर अशी की चष्मा लागत नाही.

निळाई_ठाणे
बजेट वर लिहिलंय. त्यात दोन बसणार नाहीत.

खोलपाणी
मग एकच घ्या, बरोबरच राहता ना दोघं.

सह्याद्री_ते_सागर
एका कॉम्प्युटरवर दोघांनी अजिबात जाऊ नये. एक मीटरभर खाली, दुसरा वर, आधीच्या डाइव्हचा हिशेबही वेगळा. प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा हवा आणि ज्याचा आधी वेळ संपेल त्याच्याबरोबर दोघांनी वर यायचं. क्रेसी लिओनार्डो बघा. नायट्रॉक्स चालतं, सेफ्टी फॅक्टर ०, १, २ असे आहेत, आकडा मोठा तेवढा जास्त सावध. १ पुरेसा आहे.

बाबल_मालवण
ताई, कॉम्प्युटरचं नंतर बघा, आधी त्या खांद्याचं बघा. माझंही असंच झालेलं. तिसरी डाइव्ह करून आलो, कोपर ठणकायला लागलं. डॉक्टरांनी लचक म्हणून मलम दिलं, मी चार दिवस चोळत बसलो. बेंड्स होते ते, अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होतात तो आजार. आपण टाकी उचलली, दोर ओढला, असंच काहीतरी धरून चालतो. तेव्हा लगेच ऑक्सिजन घ्यायला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं. बेंड्सचा धोका वाढवणारं हृदयातलं छोटं भोक, पीएफओ, साधारण चारातल्या एकाला असतं आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. डायव्हिंग कळणाऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय त्यांना पाण्यात उतरवू नका.

गॉर्जप्रेमी
सगळे वरवरचं सांगताहेत. खरी सुरक्षा डीप स्टॉपमध्ये आहे. जीएफ लो २० ठेवा, अर्ध्या खोलीवर दोन मिनिटं थांबा. मी वर्षानुवर्षं करतोय.

सह्याद्री_ते_सागर
त्या डेको करत नाहीयेत! जीएफ लो पहिला डेको थांबा किती खोल ते ठरवतो. थांबाच नाही तर त्याला काम काय? त्यांचा नो-डेको वेळ जीएफ हाय ठरवतो. ८५ म्हणजे बुलमनच्या (कॉम्प्युटर वापरतात त्या सूत्राच्या) हिशेबात अंगातल्या वायूचा जेवढा जादा दाब चालतो, त्याच्या ८५ टक्क्यांच्या वर न जाता पृष्ठभागावर यायचं. आणि डीप स्टॉपचं म्हणाल तर अमेरिकन नौदलाने ५२ मीटर, ३० मिनिटांच्या डाइव्हवर ते तपासलंय. थांब्यांचा एकूण वेळ तोच, फक्त खोल की उथळ एवढाच फरक. खोल थांब्यांत बेंड्स जास्त निघाले. अहवाल २०११ चा आहे.

गॉर्जप्रेमी
नौदलाचे पाणबुडे तळाशी मेहनत करत होते. आपली अंदमानची डाइव्ह वेगळी.

मीनाक्षी_द
सेफ्टी स्टॉप चुकवू नका. पाच मीटरवर तीन मिनिटं.

खोलपाणी
सेफ्टी स्टॉप सगळेच करतात हो. मी पाच मिनिटं करतो.

वादळवारा
एक जुनी युक्ती: टाकीत ३२ टक्के नायट्रॉक्स, कॉम्प्युटर हवेवर. ३० मीटरवर शरीरात नायट्रोजन साधारण साडेचोवीस मीटरच्या हवेइतकाच भिनतो, कॉम्प्युटर मात्र ३० चा धरून वेळ कापतो. पण मग ऑक्सिजनचा हिशेब तो ठेवत नाही, ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाला ३३ मीटरची हद्द तुम्हीच पाळायची. आणि रिकम्प्रेशन चेंबर (बेंड्सवर उपचाराची दाबाची खोली) पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या आयएनएचएस धन्वंतरीत आहे, हॅवलॉकला नाही. मध्ये समुद्र आहे. म्हणून तिथे मी घरच्यापेक्षा एक पायरी सावध ठेवतो. डायव्हिंगचा विमा काढा.

मीनाक्षी_द
आणि विमानाआधी १८ तास डाइव्ह नको.

निळाई_ठाणे
सगळ्यांचे आभार, बाबलदादांचे विशेष. नवऱ्याची तपासणीची वेळ घेतली. डॉक्टर नाही म्हणाले तर तो बोटीवर बसेल, मी एकटी उतरेन. कॉम्प्युटर दोन लिओनार्डो, दोन्ही फॅक्टर २ वर, नायट्रॉक्स त्यात नायट्रॉक्स म्हणूनच भरणार. रोज दोनच डाइव्ह आणि सहावा दिवस पूर्ण कोरडा.

खोलपाणी
२ वर? दुसऱ्या डाइव्हला वेळच उरणार नाही! एवढे पैसे खर्चून जॉनीज गॉर्जला पाच-दहा मिनिटं कमी?

निळाई_ठाणे
हो. तेवढी कमी चालतील. तो खांदा धरून रात्रभर जागा होता, ते मी पाहिलंय.