मदत हवी आहे: माणसं दोन, युनिट २८१. वीज जाते कुठे?

कराडकरीण:
नमस्कार मंडळी. कराडजवळच्या गावी आमच्या जुन्या घरात आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. वर्षानुवर्षं त्यांचं बिल महिन्याला ११० ते १२० युनिटचं. गणपतीनंतर ते चढत गेलं: ऑक्टोबर २२४, नोव्हेंबर २६७, डिसेंबर २८१. थंडीत पंखेसुद्धा बंद आहेत.

घरात आहे ते असं: १४ वर्षांचा डबल डोअर फ्रिज, टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स, एलईडी ट्यूब, मिक्सर, अर्धा एचपीचा पंप (टाकी भरायला २० मिनिटं), १५ लिटरचा २००० वॅटचा गिझर. गिझर फक्त बाबांना लागतो, आई अजून बंबातलं पाणी घेते. एसी नाही, इन्व्हर्टर नाही.

बिलावरचं रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं, बरोबर आहे. सरासरी बिल नाही. वीज कार्यालयात फी भरून मीटर तपासून घेतला. मीटर ओके, आणि वर "घरात कुणीतरी हीटर लावत असेल" हे ऐकून घेतलं.

आईचं निदान मात्र पक्कं झालंय. भिंतीपलीकडे काका राहतात. ६ वर्षांपूर्वी वाटणी झाली, मीटर वेगळे झाले. काकूंनी आमच्यावर आकडा टाकलाय असं आई म्हणते. मला पटत नाही, पण तिला द्यायला दुसरं उत्तरही माझ्याकडे नाही. सुरुवात कुठून करू?

अर्धाकप:
गिझर! डोळे झाकून गिझर. आमच्याकडेही तेच निघालं होतं.

चौकस_चष्मा:
फ्रिजच्या दाराचं रबर बघा. दारात दहाची नोट धरून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर रबर गेलं. आणि ३०० च्या खाली राहा, ते ओलांडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो.

निवृत्तजोडारी:
चष्मेवाले, तसं नसतं हो. पहिल्या १०० ना पहिला दर, १०१ ते ३०० ना दुसरा, पुढच्यांना पुढचा. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना.

ताई, वाढ साधारण १६६ युनिटची आहे. म्हणजे रोज साडेपाच. म्हणजे २३० वॅटचं काहीतरी रात्रंदिवस चालू असल्यासारखं. गिझरने एवढं खायचं तर तो रोज पावणेतीन तास जास्त तापायला हवा, वडील तेवढा वेळ आंघोळ करत नसावेत. फ्रिज बिघडून कॉम्प्रेसर न थांबता चालला तरी एवढं गाठणं कठीण. तेव्हा उपकरणं राहू द्या, आधी मीटरसमोर बसा.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो, तेवढ्या लुकलुकी म्हणजे एक युनिट. मेन स्विच चालू ठेवून सगळे एमसीबी (बोर्डातले खटके) पाडायचे आणि ५ मिनिटं मोजायचं. मग मेन पाडून परत मोजायचं. आणि 'ई/एल' असं लिहिलेला आणखी एक बारीक दिवा असेल, तो पेटलेला आहे का ते सांगा.

कराडकरीण:
जोडारीकाका, शनिवारी गावी गेले होते, करून पाहिलं. मीटरवर ३२०० आहे. बाबा ओसरीत स्टूल टाकून बॅटरी घेऊन बसले, मी मोबाइलवर वेळ लावली.

सगळे एमसीबी पाडले, फ्रिजसुद्धा गप्प झाला. दिवा तरीही लुकलुकत होता! ५ मिनिटांत ४०. बाबांना वाटलं आपलं मोजणं चुकलं म्हणून पुन्हा मोजायला बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडे काकूंचा मिक्सर सुरू झाला आणि दिवा असा काही धावायला लागला की बाबांचं मोजणंच तुटलं. मिक्सर थांबला, दिवा पहिल्या चालीवर आला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

मग मेन पाडला. दिवा थांबला, आणि पलीकडून काकांची हाक: "दादा, लाइट गेली का तुमच्याकडं?"

ई/एल पेटलेला आहे. बाबा म्हणतात, बरेच महिने पेटलेला आहे, त्यांना वाटायचं मीटर चालू असल्याची खूण असेल.

अर्धाकप:
आईंचा विजय असो.

निवृत्तजोडारी:
थांबा, काकूंवर आळ घेऊ नका. आकडा टाकतात तो फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर. तसं असतं तर तुमचे एमसीबी पडल्यावर त्यांची वीज जायला हवी होती, ती गेली नाही. ती गेली मेन पाडल्यावर. घरातले एमसीबी फक्त फेज तोडतात, मेन फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) दोन्ही तोडतो. म्हणजे काकांकडे वीज येते त्यांच्याच मीटरमधून, परत जाते मात्र तुमच्या न्यूट्रलने.

आता मीटरचं. हल्लीचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात. दोन्ही सारखे नसले की ई/एल पेटतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट पडतात. चोरी पकडायची ही सोय. तुमच्या न्यूट्रलमधून तुमचा आणि काकांचा दोघांचा प्रवाह जातोय, म्हणून त्यांचे युनिट तुमच्या मीटरवर पडतात. त्यांच्या मीटरवर ते फेजमुळे पडतातच. थोडक्यात, एकाच विजेचं बिल दोन घरं भरताहेत. तपासायला आलेल्या माणसाला मीटर ओकेच दिसणार, तो बिचारा बरोबरच मोजतोय.

काकांना विचारा, गणपतीच्या आसपास त्यांच्याकडे काही काम झालं होतं का?

एक महत्त्वाचं. तुमचा मेन बंद असला तरी तुमच्या बोर्डातलं न्यूट्रल मेलेलं आहे असं समजू नका. काकांकडचा एखादा दिवा चालू असला तर त्यातून फिरून तुमच्या न्यूट्रलवर करंट येतो. वायरमनने टेस्टर लावला तर पेटेल. वडिलांना बोर्ड उघडू देऊ नका. वायरमन बोलवा, आणि दोन्ही घरांचे मेन पाडूनच काम करा.

चौकस_चष्मा:
आरसीसीबी (फेज-न्यूट्रलच्या प्रवाहात फरक पडला की वीज तोडणारा खटका) असता तर पहिल्याच दिवशी ट्रिप होऊन हे उघडकीला आलं असतं, नाही का?

निवृत्तजोडारी:
शंभर टक्के. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो पडतो, इथे तर मिक्सर चालतोय. कराडकरीणताई, या निमित्ताने दोन्ही घरांना बसवून घ्या.

कराडकरीण:
सापडलं. काकांकडे गौरीच्या दिवशी लाइट जाऊन-येऊन होती. खांबावरून येणाऱ्या त्यांच्या सर्व्हिस वायरचं न्यूट्रल तुटायला आलं होतं. सणाचा दिवस, खांबावर चढायला कुणी मिळेना. गावातल्या एका मुलाने माजघरातल्या जुन्या बोर्डातून न्यूट्रल ओढून दिलं आणि लाइट आली. तो बोर्ड वाटणीच्या आधीचा, भिंतीत दोन्हीकडून उघडा. आमच्या बाजूने त्यावर कॅलेंडर टांगलेलं असतं. आम्हाला सांगायचं राहिलं, काकांना वाटलं 'न्यूट्रलला कुठं करंट असतो?'

काल वायरमनने टाँगटेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजायचं यंत्र) लावून दाखवलं: आमचं सगळं बंद असताना आमच्या न्यूट्रलमध्ये काकांची इस्त्री दिसत होती. काकांची सर्व्हिस वायर बदलली, जुन्या बोर्डातला जोड काढून टाकला. वायरचे पैसे काकांनी दिले, दोन्ही आरसीसीबीचे बाबांनी.

जास्तीचे युनिट परत मिळतील का?

निवृत्तजोडारी:
अर्ज करून बघा, पण आशा धरू नका. मीटरच्या पुढचं वायरिंग आपलं, तिथल्या चुकीचा भुर्दंडही आपल्यालाच.

कराडकरीण:
बाबाही तेच म्हणाले. काका पैसे द्यायला आले होते, तर बाबा म्हणाले, तू तुझं बिल भरलंयस की, मग कशाचे देतोस? आईने चार महिन्यांनी पहिल्यांदा पलीकडे वाटीभर आमटी पाठवली. का पाठवली ते काकूंना माहीत नाही आणि आम्हीही सांगणार नाही.

आठ दिवसांचं रीडिंग: ३० युनिट. रोज पावणेचार.

फक्त एक राहिलं. संध्याकाळी सातनंतर आमचा आरसीसीबी पडतो. दिवसा एकदाही नाही.

निवृत्तजोडारी:
सातला काकांकडे कोणता दिवा लागतो?

कराडकरीण:
जिन्याखालचा. तुळशीजवळचा. वाटणीच्या आधीचा आहे... वायरमनला फोन करते.