वितळणे, विरघळणे, विरणे

विचारणा: 'साखर चहात वितळली' असं सर्रास ऐकू येतं. 'विरघळली'च बरोबर ना? आणि चुना 'विरतो' तो कशात धरायचा?

प्रतिसाद: चहात साखर विरघळतेच. वितळायला उष्णता पुरते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. कोरड्या कढईत साखर १८६ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि तोवर तिचं विघटनही सुरू झालेलं असतं. म्हणून ती लगेच तांबूस होते. चहा शंभराच्या पुढे जात नाही, तिथे ती वितळणार कुठून? पाण्याचे रेणू तिच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडून त्यांना स्फटिकातून सोडवून नेतात. मिठाचा द्रवणांक तर ८०१ अंश, तरी १०० ग्रॅम साध्या पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. पाणी उकळलं तरी जेमतेम तीन ग्रॅम वाढतं. साखर मात्र उकळत्या पाण्यात दुपटीहून जास्त मावते. घट्ट पाक निवला की कडेला साखर धरते ती यामुळे.

प्रतिसाद: पॉटच्या आइस्क्रीममध्ये दोन्ही क्रिया एकदमच चालतात. खडेमीठ विरघळतं, म्हणून बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि त्यासाठी ग्रॅममागे ३३४ ज्यूल उष्णता आतल्या दुधातून ओढतो. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घ्यावं. मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. नुसत्या बर्फात काम होत नाही, कारण साखर घातलेलं दूध शून्यावर गोठत नाही. बर्फाचे मोठे ढेपे टाकले तर मीठ फटींतून तळाशी जातं, म्हणून बर्फ फोडून थरावर थर द्यावेत. साठलेलं खारं पाणीही घाईने ओतून देऊ नये. भांड्याला सगळीकडून तेच भिडतं. झाकणापर्यंत चढू दिलं नाही म्हणजे झालं.

प्रतिसाद: चुन्याचं विरणं या दोन्हींत बसत नाही, ती सरळ रासायनिक अभिक्रिया आहे. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाण्याशी संयोग होऊन त्याचं हायड्रॉक्साइड होतं, तो विरी गेलेला चुना. ५६ ग्रॅम कळीला १८ ग्रॅम पाणी, म्हणजे किलोला साधारण ३२० ग्रॅम. हे झालं कागदावर. किलोभर कळीतून निघणारी उष्णता साडेतीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते, त्यामुळे बरंच पाणी वाफ होऊन जातं. लगदा हवा असेल तर अडीच-तीन लिटर तरी घ्यावं. पाणी आधी, मग त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात. ढिगावर पाणी ओतलं की शिंतोडे उडतात आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, चष्मा हवाच. प्लास्टिकची बादली मऊ पडते, अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो. लोखंडी घमेलं बरं. कळी तापलीच नाही, तर ती हवेतला ओलावा घेऊन पोत्यातच विरलेली आहे.

विचारणा: मग विरलेला चुना पाण्यात विरघळतो का?

प्रतिसाद: नावापुरता. लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आत, आणि गरम पाण्यात त्याहून कमी! भिंतीला लावायचं पांढरं पाणी हे द्रावण नव्हे, निलंबन, म्हणजे न विरघळलेले कण पाण्यात नुसते तरंगत असतात. म्हणून ते सारखं ढवळावं लागतं. न ढवळता ठेवलं की वर राहते ती निवळी, तेवढंच खरं द्रावण. तिच्यात नळीने फुंकर घातली की कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन ती दुधाळ होते.

विचारणा: आणि कापूर?

प्रतिसाद: तो 'उडतो'. घन अवस्थेतून थेट वायू, म्हणजे संप्लवन. स्पिरिटही उडतंच म्हणतात, पण ते बाष्पीभवन. उत्तरपत्रिकेत नुसतं 'उडतो' लिहिलं तर गुण जातील.